खाडीकाठचं संशोधन: भौतिकशास्त्र, शेती आणि धर्म एका वहीत कसे आणायचे

खारभूमीचा, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवून राखलेल्या शेतजमिनीचा, बांध का फुटला, एवढा एकच प्रश्न घ्या. त्याच्या उत्तरासाठी चंद्र-सूर्याचं गणित लागतं, हवेचा दाब लागतो, कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) बांधात पाडलेली बिळं मोजावी लागतात. पूर्वी बांधाची डागडुजी खोत (गावचा सारा वसूल करणारा वतनदार) करत होता की कुळं, हेही विचारावं लागतं. 1949 साली खोती रद्द करणारा कायदा झाला, त्यानंतर ते काम कोणाकडे गेलं ते कागदात शोधावं लागतं. बांधावरच्या देवाला दरवर्षी नारळ कोण देतं, हा प्रश्नही याच रांगेतला, कारण बऱ्याच गावांत देवाचा मान आणि कामाची जबाबदारी एकाच घरात असायची.

कोकणात राहून ज्यांना असा अभ्यास सुरू करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. शाळेतले शिक्षक, शेतकरी, कॉलेजातली मुलं, निवृत्त होऊन गावी परतलेले चाकरमानी, कोणीही असा. पदवी नसली तरी अडत नाही. शिस्त नसेल तर मात्र अडतं.

आधी प्रश्न, मग विषय

‘भौतिकशास्त्र आणि धर्म यांचा संबंध’ असा विषय घेऊन बसू नका. त्यातून भाषणं होतात, संशोधन होत नाही. प्रश्न इतका लहान हवा की त्याचं उत्तर चुकीचं निघू शकेल. ‘आमच्या बंदरात पौर्णिमेची भरती किती वाजता पूर्ण होते, आणि पंचांगावरून काढलेली वेळ तिच्याशी किती जुळते?’ हा चांगला प्रश्न. ‘आमच्या गावात देवराईशेजारच्या विहिरीला मे महिन्यात जास्त पाणी असतं का?’ हाही चांगला. ‘आपले पूर्वज किती वैज्ञानिक होते?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

या बाबतीत दामोदर धर्मानंद कोसंबी डोळ्यांसमोर ठेवावेत. 1907 साली गोव्यात जन्मलेला हा गणितज्ञ. चांदीची प्राचीन आहत (ठसे मारलेली) नाणी त्यांनी तराजूवर तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं आणि वजन घटतं. त्या घटीला त्यांनी संख्याशास्त्र लावलं आणि नाण्यांचा काळाच्या ओघातला क्रम मांडला. त्यांना इतिहासात गणित घुसवायचं नव्हतं. नाण्यांचा क्रम लावायचा होता आणि त्यासाठी गणित लागलं. नवशिक्याने एवढा फरक समजून घेतला की अर्धं काम झालं.

वही कशी ठेवायची

एकच जाड वही, पानांना क्रमांक घालून. प्रत्येक नोंदीला तारीख, घड्याळाची वेळ, जागा, आणि हे कोणी सांगितलं किंवा कोणी पाहिलं. डाव्या पानावर पाहिलेलं-मोजलेलं, उजव्या पानावर स्वतःचा तर्क. दोन्हींची सरमिसळ कधीही करू नका. खोडायचं झालं तर एक आडवी रेघ मारा, मूळ आकडा वाचता आला पाहिजे. मोबाइलवर फोटो जरूर काढा, पण त्याचा क्रमांक वहीत लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तो कुठल्या बांधाचा ते आठवणार नाही.

माणसांना विचारताना

खाडीवर जाळं टाकणाऱ्या माणसाला ‘भरती-ओहोटीबद्दलचं तुमचं पारंपरिक ज्ञान सांगा’ असं विचारलंत तर तो गप्प बसेल, किंवा तुम्हाला आवडेल असं काहीतरी सांगेल. कामाबद्दल विचारा. ‘तात्यानू, आज जाळां कधी टाकतालास?’ एवढंच. मग उत्तर येतं: ‘आज नवम, भांग असा. पाण्याक जोर नाय.’ नवम म्हणजे नवमी, भांग म्हणजे कमी जोराची भरती. या दोन वाक्यांत तिथी आहे, भरतीची ताकद आहे आणि कामाचा निर्णयही आहे. हे शब्द आहेत तसे, त्याच बोलीत लिहून घ्या. प्रमाण भाषेत आणायचं काम नंतर सावकाश करा.

बायकांना विचारायला विसरू नका. ओहोटीला कालवं आणि तिसऱ्या काढायला त्याच जातात, त्यामुळे पाणी किती उतरतं आणि किती वेळ उतरलेलं राहतं हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. माहिती दिलेल्याचं नाव छापायचं असेल तर आधी परवानगी घ्या. नको म्हणाले तर तो विषय तिथेच संपवा.

मोजमाप: भरतीचं उदाहरण

या टप्प्यावर थोडं रेंगाळू या, कारण तिथीचं पंचांग, मासेमारी आणि भौतिकशास्त्र इथे एकाच काठीवर मोजता येतात.

किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पंचमीला पावणेचार. हा ठोकताळा मुंबईकडच्या पाण्याला बराच लागू पडतो. तुमच्या बंदराला तो किती लागू पडतो, हे शोधायचं.

आधी कागदावर तपासा. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. पंधरा तिथींत चंद्र अर्धं वर्तुळ पुरं करतो आणि तेवढ्यात भरतीची वेळ 12 तासांनी पुढे जाते. म्हणजे दर तिथीला सरासरी 48 मिनिटं. ठोकताळा मात्र 45 मिनिटं धरतो. परिणाम असा की पौर्णिमेला हिशोबाने सव्वाअकरा येतात आणि लगेच प्रतिपदेला पाऊण. एका तिथीत दीड तासाची उडी. समुद्र अशी उडी मारत नाही. म्हणून ठोकताळा खोटा ठरवायची घाई करू नका. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, दिवसांत भरती रोज सरासरीपेक्षा कमी मिनिटांनी पुढे सरकते आणि भांगाच्या दिवसांत जास्त मिनिटांनी. त्यामुळे पक्षाच्या सुरुवातीला 45 मिनिटांचा हिशोब चांगला बसतो आणि पुढे पुढे बिघडत जातो. होडी लोटायची वेळ ठरवायला तोंडी हिशोबात इतकं पुरतं. तो तेवढ्यासाठीच घडलेला आहे, आणि मला त्याचं मोल त्यातच वाटतं.

आता प्रत्यक्ष. सरळ बांबूवर दर पाच सेंटिमीटरला रंगाची खूण करा आणि तो जेट्टीच्या खांबाला घट्ट बांधा. पाणी पूर्ण भरलं तो क्षण डोळ्यांनी पकडता येत नाही, कारण वरच्या टोकाला पाणी बराच वेळ थबकल्यासारखं राहतं. म्हणून युक्ती अशी: चढताना पाणी एखाद्या खुणेला टेकलं ती वेळ लिहा, उतरताना त्याच खुणेला आलं ती वेळ लिहा, आणि दोन्हींचा मध्य काढा. चढताना 11 वाजून 20 मिनिटं, उतरताना 12 वाजून 50 मिनिटं, तर पूर्ण भरती 12 वाजून 5 मिनिटांनी. दोन-तीन खुणांवर असंच करा. मध्य एकमेकांशी जुळले तर आकडा पक्का. लाटांमुळे पाणी हलत असेल तर दोन्ही टोकं बंद करून त्यांना बारीक भोक पाडलेली पारदर्शक नळी काठीला बांधा, आतलं पाणी स्थिर राहतं.

एक पूर्ण चांद्रमास रोज नोंद झाली की काही गोष्टी आपोआप दिसू लागतात. सर्वांत मोठी भरती अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशी न येता एक-दोन दिवसांनी येते. खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते. कोकणात दक्षिणेकडून उत्तरेकडे भरतीची झेप वाढत जाते, म्हणून मालवणचा आकडा मुंबईला लावू नका. वादळी दिवशी हवेचा दाब 1 मिलिबारने उतरला तर पाणी सुमारे 1 सेंटिमीटरने चढतं. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. अशी वादळं आणि उधाणं जुळतात तेव्हा बांधांची खरी परीक्षा असते.

तिथी लिहिताना एक काळजी घ्या. पंचांगात दिवसाची तिथी सूर्योदयाला असलेली धरतात, पण तिथी दुपारीच संपून पुढची लागलेली असू शकते. भरतीशी ताडताना त्या क्षणी चालू असलेली तिथी घ्या. शिवाय भरतीला चंद्राची तिथी लागते, तर शेतकऱ्याचं मृग नक्षत्र सूर्याचं असतं, म्हणजे सूर्य कुठल्या नक्षत्रात आहे त्यावरून ठरतं. ही दोन गणितं एकाच पंचांगात शेजारी-शेजारी छापलेली असतात आणि नवशिके हमखास त्यांची गल्लत करतात. सूर्यनक्षत्राचं वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे 20 मिनिटांनी मोठं आहे, त्यामुळे सुमारे 71 वर्षांत एक दिवस याप्रमाणे मृग ऋतूच्या तुलनेत पुढे सरकतो. तीनशे वर्षांपूर्वीची पावसाची म्हण आजच्या 7-8 जूनला लावायची तर चार दिवसांचा फरक आधी मनात धरा. या गणितात रस वाटला तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांकडे वळा. 1853 साली दापोलीजवळच्या मुरुडला जन्मलेल्या या शिक्षकाने भारतीय ज्योतिषाचा इतिहास मराठीतच लिहिला.

माती

बांध फुटून खांड पडली, खारं पाणी शेतात शिरलं, मग किती वर्षं भात येत नाही? गावात प्रत्येकजण वेगळा आकडा सांगतो. मातीला विचारा. नेहमीच्या माती-तपासणीत बांधाजवळची जागा टाळून सगळ्या शेताचा मिळून एक नमुना घेतात. तुमचा प्रश्न बांधाचाच असल्याने उलट करायचं: बांधापासून ठराविक पावलांवर वेगवेगळे नमुने घ्या आणि ते मिसळू नका. पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती, सावलीत वाळवलेली, प्रत्येक पिशवीवर अंतर आणि तारीख. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा सरताना, कारण पाऊस क्षार धुऊन नेतो आणि उन्हाळा ते परत वर ओढतो.

प्रयोगशाळेकडून विद्युतवाहकतेचा आकडा मागा, त्यावरून मातीतले क्षार कळतात. मातीच्या संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. भाताला 3 च्या पुढेच त्रास सुरू होतो. आकडा कुठल्या पद्धतीने काढला ते नक्की विचारा. माती दुप्पट पाण्यात ढवळून काढलेला आकडा बराच कमी येतो, आणि दोन पद्धतींचे आकडे एका तक्त्यात बसवले तर सगळी मेहनत वाया जाते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने अशाच जमिनींसाठी ‘पनवेल’ नावाने भाताच्या जाती काढल्या आहेत. तुमच्या गावात त्या कोणी लावल्या आणि का सोडल्या, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. शेताच्या कडेच्या तळ्यात जिताडा मासा सोडणारे अलिबाग-पेणकडचे शेतकरी खाऱ्या-गोड्या पाण्याबद्दल जे सांगतील, तेही टिपून ठेवा.

देव, देवराई आणि पुरावा

नवशिक्यांची सर्वांत जास्त घसरण इथे होते. प्रत्येक रूढीमागे ‘शास्त्रीय कारण’ असलंच पाहिजे असं धरून चालू नका, आणि प्रत्येक रूढी म्हणजे अज्ञान असंही नाही. धर्माच्या अभ्यासाचे स्वतःचे पुरावे असतात. तीन रकाने करा: ग्रंथात किंवा पंचांगात काय आहे, गाव प्रत्यक्षात काय करतं, आणि लोक त्याचं कारण काय सांगतात. तिन्ही क्वचितच जुळतात. जिथे जुळत नाहीत तिथे थांबून बघा.

नारळी पौर्णिमा घ्या. सरकारी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै. नारळी पौर्णिमा मात्र चंद्राप्रमाणे हलते. 2023 साली अधिक श्रावण आल्यामुळे ती थेट 30 ऑगस्टला आली. त्या वर्षी तुमच्या बंदरातल्या होड्या 1 ऑगस्टला गेल्या की नारळ पडेपर्यंत थांबल्या? यांत्रिक होड्या गेल्या आणि वल्ह्याच्या थांबल्या, असं काही झालं का? डिझेल आणि बर्फाच्या पावत्यांवर तारखा असतात, त्या बघायला मिळतात का पाहा. श्रद्धा, कायदा आणि पोट यांच्यात माणसं कशी वाट काढतात हे त्या एका महिन्यात दिसेल.

देवराईचंही तसंच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तो एका वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि एका परिसरशास्त्रज्ञाने मिळून केला. त्यात वनस्पतींची नोंद होती, तशी देवाचे नियम पाळणाऱ्या गावांचीही. तुम्ही विहिरीची पातळी मोजायला गेलात आणि देवराईजवळच्या विहिरीला खरंच जास्त पाणी निघालं, तरी ‘देवराईमुळे पाणी’ असं लगेच लिहू नका. झरा आधीपासून होता म्हणूनच तिथे देव बसवला असेल. दोन्ही शक्यता उजव्या पानावर लिहा आणि कुठल्या निरीक्षणाने त्यातली एक बाद होईल याचा विचार करा.

राईत जायच्या आधी गुरवांना आणि मानकऱ्यांना भेटा. चपला काढायच्या असतील तर काढा, पान तोडायचं नसेल तर फोटोवर भागवा. कौल लावताना चित्रीकरण करू नका, कोणी अडवलं नाही तरी. सातेरीचं वारूळ हे तुमच्यासाठी वाळवीच्या अभ्यासाचं ठिकाण असू शकतं. गावासाठी ती देवी आहे, आणि पाहुणे तुम्ही आहात.

ऐकीव गोष्ट कशी तपासायची

विजयदुर्ग किल्ल्यात साहेबाचे कट्टे दाखवतात. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी इथूनच हेलियमचा शोध लावला, असं सांगतात, आणि त्या तारखेला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. मला या जागेचा अभिमान आहे, म्हणूनच ती नीट तपासावीशी वाटते.

पायरी पहिली: ग्रहण खरं होतं का? होतं, आणि खग्रास पट्टा भारतावरून गेला. दुसरी: त्या दिवशी कोण कुठे होतं? फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते, नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणमला, लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला. लॉकयर इंग्लंडात होते. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेच्या ज्वाला पाहता येतात हे त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथूनच दाखवलं, आणि सूर्याच्या वर्णपटातल्या पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. पृथ्वीवर हेलियम सापडला 1895 साली, रॅमसे यांना. तिसरी पायरी: मग गोष्ट आली कुठून? लॉकयर 1871 च्या डिसेंबरातल्या ग्रहणासाठी भारतात आले होते आणि पश्चिम किनाऱ्यावरच्याच, पण केरळातल्या बेकल किल्ल्यावर उतरले होते. समुद्रकाठचे दोन किल्ले आणि दोन ग्रहणं आठवणीत एक झाली असावीत, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो लिहितो.

गावात हे सांगताना ‘तुमचं खोटं’ असं म्हणू नका. कट्टे कोणी बांधले, कधी बांधले, हा चांगला प्रश्न शिल्लकच आहे.

कागद आणि जाणकार

नवा विषय असेल तर शोधनिबंधांपासून सुरुवात करू नका. आधी मराठी विश्वकोशातली नोंद, मग अकरावी-बारावीचं किंवा पदवीचं पाठ्यपुस्तक, मग ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावरचे प्रबंध. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणांत त्या विषयातलं आधीचं काम सांगितलेलं असतं, तो नवख्यासाठी सर्वांत स्वस्त शिक्षक. जुन्या माहितीसाठी 1880 सालचं रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअर हाताशी ठेवा, पण ते महसूल गोळा करणाऱ्या सरकारने लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवून. जमिनीसाठी सातबारा आणि फेरफार. मोडी येत नसेल तर शिकून घ्या, सराव रोज ठेवला तर काही महिन्यांत वाचता येते.

जाणकाराकडे मोकळ्या हाताने जाऊ नका. एक पानाचं पत्र लिहा: प्रश्न काय, काय मोजलं, कुठे अडलं. सोबत आकड्यांचा तक्ता जोडा. शेतीसाठी दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, समुद्रासाठी गोव्यातल्या दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कातळशिल्पांसारख्या पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज. ‘मार्गदर्शन करा’ असं मोघम पत्र फाइलमध्ये जातं. ‘माझ्या नोंदीत तृतीयेची भरती छापील भरती-तक्त्यापेक्षा वीस मिनिटं उशिरा येते, खाडीच्या वळणामुळे असेल का?’ या पत्राला उत्तर यायची शक्यता कितीतरी जास्त. नवीन कातळशिल्प सापडलं तर आधी पुरातत्त्व खात्याला कळवा, नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

नोंदी जपणं

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 साली ते काम अलिबागला हलवलं, कारण ट्रामच्या प्रवाहाने सुई ढळली असती. त्याच कुलाब्याच्या 1859 सालच्या नोंदींत सूर्यावरच्या प्रचंड वादळाचा धक्का टिपला गेला होता: सुमारे 1,600 नॅनोटेस्लांची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घट. 2003 साली शास्त्रज्ञांनी त्या आकड्यांवरून वादळाचा जोर काढला. ज्यांनी ते आकडे लिहिले त्यांना याची कल्पनाही नसेल. त्यांनी वेळ, उपकरण आणि आकडा नीट लिहिला, म्हणून ते उपयोगी पडले.

तेव्हा वर्षाच्या शेवटी वहीची छायाप्रत करून एक शाळेत ठेवा, एक ग्रामपंचायतीत. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते, तुमची माशांची आणि झाडांची नोंद तिथे जोडता येते. माहिती देणाऱ्यांनी जे बाहेर जाऊ नये असं सांगितलं असेल ते प्रतीतून वगळा. आणि भरतीच्या काठीचा शून्य जेट्टीच्या कुठल्या दगडापासून किती सेंटिमीटर खाली आहे ते पहिल्या पानावर आकृतीसह लिहा, त्या दगडावर रंगाची खूण करा. पुढच्या पावसाळ्यात बांबू वाहून गेला तरी दुसरा कोणीही तिथूनच मोजणी पुढे सुरू करू शकेल.